सगळ्या गावाला पाठ असलेला नंबर

कोर्सा गावात एकशे बारा माणसं राहतात. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचा टॅक्स नंबर पाठ नाही, पण त्या वर्षी तेल्माचा सगळ्यांना होता. दोनशे एकसष्टपासून सुरू होणारे नऊ आकडे. खालच्या शहरातल्या औषधाच्या दुकानात "बिलावर नंबर घालायचा का?" असं विचारलं की कोर्साची म्हातारी माणसं ते आकडे एका दमात म्हणून टाकत. दुकानातल्या नव्या मुलीची समजूत झाली, की हे सगळे एकाच घरातले असावेत. थोड्याफार फरकाने ते खरंही होतं.

ही भानगड झुल्मीराबाईंना माहीत नव्हती असं नाही. त्यांना माहीत होती. फक्त कचेरीच्या वेळेत माहीत नव्हती.

कचेरी म्हणजे चर्चच्या मागची ग्रामपंचायतीची एक खोली. एक टेबल, एक झेरॉक्सचं मशीन, कुत्र्यांच्या परवान्यांचं रजिस्टर आणि खिळ्याला टांगलेली दफनभूमीची किल्ली. माणसाच्या जन्माचा दाखला इथेच मिळतो, शेवटची जागाही इथेच. मधल्या काळात तो इथे यायचा तो मुख्यतः टॅक्सचं रिटर्न भरायला. एप्रिल ते जून हे तीन महिने कोर्सात झुल्मीराबाईंचे असतात. उरलेले नऊ महिने चर्चच्या पाद्रींचे.

एकोणचाळीस वर्षं त्या त्याच टेबलामागे बसत आल्या. म्हणजे पहिली काही वर्षं मागे, नंतर बाजूला. त्याला कारण आहे. हा कर देशात नवीनच आला होता तेव्हा झुल्मीरा एकोणतीस वर्षांची होती, आणि गावाला मदत करायची तर आधी आपलं रिटर्न नीट भरून बघावं, असं तिने ठरवलं. अर्ज तीन प्रतींत होता. तिने मध्ये कार्बन घातले, पण उलटे. त्यामुळे तिचं सगळं उत्पन्न अर्जाच्या पाठीवर आरशात दिसावं तसं उमटलं. तेवढं चाललं असतं. पण "विवाहित की अविवाहित" या प्रश्नापुढे तिने "विवाहित" लिहिलं, कारण अमादेऊबरोबरच्या तिच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीनदा वाचून झाली होती आणि कोर्सात एवढं झालं की माणूस लग्न झाल्यातच जमा असतो. करखातं कोर्साचं नव्हतं. त्यांच्या लेखी एकतीस डिसेंबरला माणूस जो असेल तो. लग्न झालं वीस जानेवारीला. आठवड्याभराचा पगार दंडात गेला. अमादेऊ पुढे जिवंत असेपर्यंत सांगत असे, "माझी बायको आधी टॅक्सची झाली, मग माझी."

दुसरी चूक झुल्मीराबाईंची नव्हती, पण त्यांनी ती आपली मानली. एका विधवेचं रिटर्न त्यांनी स्वतः भरलं, स्वतः पाठवलं, आणि बँक खात्याचा एक आकडा इकडचा तिकडे झाला. आकडा विधवेनेच चुकीचा सांगितला होता. पण भरताना तो तिच्या डोळ्यांसमोर नव्हता. पैसे परत यायला चौदा महिने लागले. त्या दिवसापासून झुल्मीराबाईंनी संगणकाचा पडदा समोरच्याकडे फिरवला, आपली खुर्ची टेबलाच्या बाजूला आणली आणि माउसला हात लावायचं सोडलं. आलेला माणूस नव्वदीचा असो की त्याचे हात कापत असोत, बटण त्यानेच दाबायचं. झुल्मीराबाई हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि दोनच शब्द बोलायच्या.

"वाच. मोठ्याने."

यामुळे कामाला चौपट वेळ लागे. पंचायतीच्या अध्यक्षांनी एकदा नाराजी दाखवून पाहिली. झुल्मीराबाईंनी त्यांनाही खुर्चीवर बसवून त्यांचं रिटर्न मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यावर त्यांना आठवलं, की नदीकाठचं घर भाड्याने दिलंय. नाराजी पुन्हा निघाली नाही.

गेल्या तीस वर्षांत कोर्सात करखात्याची एकही दंडाची नोटीस आलेली नाही. शेजारच्या गावात वर्षाला पाच-सहा येतात. कोर्साचे लोक या गोष्टीचा उल्लेख फारसा करत नाहीत, पण शेजारच्या गावाचा माणूस भेटला की हटकून करतात.

तेल्मा आली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी. वय पंचवीस, राहायला आत्याकडे. गावात तिच्याहून लहान असं कोणी राहिलेलं नव्हतं, त्यामुळे वयाची तिशी येईपर्यंत ती गावाची पोर म्हणूनच राहणार हे ठरलेलं होतं. वृद्धाश्रमाच्या गाडीतून ती घरोघरी जेवणाचे डबे पोचवायची: कोबीचं सूप, बटाटे, शुक्रवारी वाळवलेला कॉड मासा. गाडी ती उत्तम चालवते. आणि सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच होतं.

गावात येणारी बस चालवणारा एर्मिनियु येत्या नाताळात निवृत्त होणार होता. बस कंपनीने कळवलं होतं, की वरच्या गावातला ड्रायव्हर मिळाला तर बस वर येईल, नाहीतर खालच्या शहरापाशीच थांबेल. शहरातून वर मुक्कामाला यायला कोणी तयार नव्हतं. कोर्सात बस चालवू शकेल असं माणूस एकच. तेल्मा तयार होती. अडचण होती मोठ्या गाडीच्या लायसनची. शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलने सांगितलेला आकडा होता अकराशे युरो.

मग गेल्या वर्षाच्या सुरुवातीलाच सेलेस्तिनुच्या कॅफेत एका सकाळी डोकी एकत्र आली होती. आजारपणाच्या खर्चातले पंधरा टक्के टॅक्समधून परत मिळतात, हे सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. आणि आजारपण ही एक गोष्ट कोर्सात मुबलक होती. म्हणजे गावाने आपली औषधं, दात आणि कान तेल्माच्या नंबरावर घ्यायचे, सरकार तिला पंधरा टक्के देणार, तिचं लायसन होणार, बस राहणार. सेलेस्तिनुने फुटबॉलचे निकाल पुसले आणि फळ्यावर आकडा लिहायला सुरुवात केली. जानेवारीत कोणी गुडघ्याचा पट्टा घेतला, मार्चमध्ये कोणाची कवळी झाली, फळ्यावरचा आकडा चढत गेला. अबीलियुकाकाने बत्तीसशे युरोची दोन श्रवणयंत्रं घेतली त्या दिवशी कॅफेत टाळ्या वाजल्या. यंत्रं अजून डब्यात होती, त्यामुळे त्याला त्या ऐकू आल्या नाहीत.

झुल्मीराबाई त्या वर्षी फळ्याकडे पाठ करून कॉफी पीत.

"बस," त्या तेल्माला म्हणाल्या. "पासवर्ड आला?"

"आला. पोस्टाने. आठ दिवस लागले."

"म्हणून मेमध्येच सांगितलं होतं. लोक तीस जूनला दुपारी येतात पासवर्ड मागायला. सिस्टिम उघड."

तेल्माने उघडली. पडद्यावर भरलेलं रिटर्न तयारच होतं. पगार, कापलेला कर, खर्च, सगळं आपोआप आलेलं, आणि खाली हिरवं बटण: स्वीकारा.

तिचा हात माउसकडे गेला.

"काय करतेस?"

"सगळं आलंय की, झुल्मीराबाई. सरकारनेच भरलंय."

"सरकार तुझ्या घरी राहतं का? वाच. मोठ्याने."

तेल्माने उसासा टाकला. "नाव, तेल्मा साराइव्हा. कुटुंबात माणसं, एक."

"आत्याने तुला तिच्या रिटर्नमध्ये नाही ना धरलं?"

"गेल्या वर्षीपासून नाही."

"तिला विचारलंस, की तुला वाटतं?"

"विचारलं. ओरडली माझ्यावर."

"ओरडली म्हणजे नाही धरलं. पुढे."

"पगार, वृद्धाश्रम. बस, संपलं."

"ऑक्टोबरात चेस्टनटच्या कारखान्यात कोण होतं?"

"ते चारच आठवडे होतं हो!"

"चार आठवडे टॅक्सला दिसत नाहीत का? कागद दिलाय त्यांनी वर्षअखेरचा?"

कागद पिशवीत होता, आत्याने दिलेल्या चीझच्या पुडक्याखाली, थोडा तेलकट. कारखान्याचे आकडे पडद्यावर आले नव्हते. तेल्माने ते कागदावरून एकेक करून भरले. झुल्मीराबाई खिडकीतून दफनभूमीकडे बघत ऐकत होत्या. त्या ऐकत नाहीत असं वाटे, पण दशांशचिन्ह चुकलं की त्यांची मान वळायची.

"बँकेचं खातं," तेल्मा म्हणाली, आणि आकडे वाचू लागली.

"हे कुठलं खातं?"

"जुनं. आईबरोबरचं."

"आहे अजून?"

तेल्माने माउस सोडला. "आई गेली तेव्हा बंद केलं."

"मग तिथे पाठवू नकोस," झुल्मीराबाई म्हणाल्या, नेहमीपेक्षा हळू. "नवं घाल. सावकाश. दोनदा."

मग आला तो चौकोन. पहिल्या काही वर्षांच्या नोकरीतल्या तरुण माणसाला करात सूट असते. पण त्यासाठी त्या चौकोनात स्वतः खूण करावी लागते, आणि तो पडद्यावर असा कोपऱ्यात असतो की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. झुल्मीराबाईंनी भिंतीवर त्याचं एक चित्र लावून ठेवलं होतं, मोठं करून, लाल पेनने गोल केलेलं. गेल्या सात वर्षांत गावात तो चौकोन लागू होणारं कोणी नव्हतं. तरी चित्र भिंतीवरून उतरवलं नव्हतं.

तेल्माने खूण केली आणि हिशेब पुन्हा करायचं बटण दाबलं. परतीचा आकडा दोनशे एकतीसवरून सहाशे बारावर गेला.

"झुल्मीराबाई! सहाशे बारा!"

"वर्षभर तुझ्या पगारातून जेवढे कापले तेवढे सगळे. शिक्षण कधी संपलं त्याचा दाखला आहे ना? जपून ठेव. मागतील. पुढे वाच."

"खर्च." तेल्मा हसली. हे पान तिला माहीत होतं. "आरोग्य. सात हजार तीनशे चाळीस युरो."

"तुझी तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"मग एवढे कशाला लागले?"

तेल्माचं हसू जागच्या जागी थांबलं. "तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांनी... लायसनसाठी..."

"मला माहीत असून काय उपयोग? बटण तू दाबणार. त्याच्या खाली लिहिलंय, हे सगळं खरं आहे. वाच."

तेल्माने वाचलं नाही. "पण आता सहाशे बारा आणि त्यांचे अकराशे, म्हणजे सतराशे..."

"ते अकराशे नाहीत. मुळात नव्हतेच." झुल्मीराबाईंनी खुर्ची जराशी पुढे घेतली. "हे बघ. तुझा टॅक्स म्हणजे एक बादली. वर्षभर पगारातून थेंबथेंब कापून त्यात सहाशे बारा युरो जमले. बिल म्हणजे पेला. पेल्याने बादलीतलंच काढता येतं. तू चौकोनात खूण केलीस तेव्हाच बादली पालथी झाली. आता गावाने अख्खं हॉस्पिटल तुझ्या नावावर विकत घेतलं, तरी त्यात एक थेंब उरलेला नाही."

"म्हणजे फळ्यावरचे...?"

"फळ्यावरचे फळ्यावरच राहतील."

तेल्माने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "मिळत काही नाही, तर मग राहू द्या ना ती बिलं. बिघडतं काय? काढली तर त्यांना वाईट वाटेल."

"बिघडतं. करखात्यातला माणूस कोर्साला ओळखत नाही. त्याला एवढंच दिसणार, की पंचवीस वर्षांच्या एका मुलीला एका वर्षात दोन्ही कान नवीन लागले, वरचे-खालचे सगळे दात लागले, एक गुडघा गेला, आणि ही बाई बस चालवायचं लायसन मागते आहे."

तेल्माला हसू आलं आणि रडूही. शेवटी तिने नाक पुसलं आणि यादी उघडली. सरकारचा आकडा बाजूला ठेवून आपला खरा आकडा भरता येतो, त्यासाठी एकेक बिल तपासायचं होतं. दुकान, तारीख, रक्कम.

"हे अबीलियुकाकांचे कान," ती म्हणत गेली. "ही सेलेस्तिनुच्या सासूची कवळी. हे माझं, दाढ दुखली होती तेव्हाचं, पंचेचाळीस. हे पाद्रींचं."

"पाद्री पण?"

"पहिले तेच होते." ती थांबली. "हे कोणाचं? चष्म्याचं दुकान. बारा नोव्हेंबर. एकशे चौऱ्याऐंशी युरो. हे फळ्यावर नाही."

झुल्मीराबाई पडद्यापाशी वाकल्या. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि समोर धरून बघितला. काडीवर दुकानाचं नाव होतं.

"माझं आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"रांगेत पुढे तिघी होत्या आपल्या गावच्या. तिघींनी तुझा नंबर सांगितला. चौथी मी. मुलीने विचारलं, माझं तोंड उघडलं, आणि आत जे होतं ते बाहेर आलं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "बिल बघितलंसुद्धा नाही. एकोणचाळीस वर्षं लोकांना सांगते आहे, बिल हातात आलं की नंबर बघा. नवीन चष्मा डोळ्यांवर होता, तरी नाही बघितला."

झुल्मीराबाईंची चूक पाहण्याची गावात कोणाला सवय नव्हती.

"काढून टाक," त्या म्हणाल्या. "माझंही."

आरोग्याचा खरा आकडा निघाला छप्पन्न युरो ऐंशी सेंट. पाठवायचं बटण मात्र त्यांनी दाबू दिलं नाही. "आधी गावाला कळू दे. नाहीतर म्हणतील, आम्ही दिलं आणि पोरीने फेकून दिलं."

"मी कसं सांगू त्यांना? वर्षभर सगळे..."

"तू नाही सांगायचं. मी सांगते."

पुढचे चार दिवस झुल्मीराबाईंनी दुपारची जेवणाची सुट्टी फोनवर काढली. चुकीच्या नंबराचं बिल रद्द करून बरोबर नंबराचं देता येईल का, एवढंच त्या दुकानादुकानांत विचारत होत्या. बहुतेकांनी नाही म्हटलं. वर्ष उलटलं होतं. दात करणाऱ्याने तर विचारलं, की कोणाचे दात कोणाच्या नंबरावर, हे त्याने कुठे-कुठे बघायचं. श्रवणयंत्रवाले तिसऱ्या फोनला कुरकुरत तयार झाले. चष्म्याच्या दुकानाला त्यांनी फोन केला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर कॅफे भरलेला होता. झुल्मीराबाई आत आल्या, काउंटरशी गेल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"हा चष्मा तेल्माचा आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्यावर मात्र शोभतो," सेलेस्तिनु म्हणाला.

"सरकारी कागदावर तेल्माचा आहे. मी तिचा नंबर सांगून घेतला. चूक केली."

कॅफेत डॉमिनोचे ठोकळे वाजायचे थांबले. कोपऱ्यातून अबीलियुकाका म्हणाला, "झुल्मीराने चूक केली? थांब, थांब. आवाज वाढवू दे." त्याने कानामागचं बटण फिरवलं. "हं. आता पुन्हा सांग."

"चूक केली, अबीलियु."

"आणखी एकदा. हे बत्तीसशे युरो आज वसूल झाले."

लोक हसले. त्या हसण्यात झुल्मीराबाईंनी बाकीचं सांगून टाकलं: बादली, पेला, फळ्यावरच्या आकड्याची किंमत शून्य. हसणं हळूहळू विझलं. सेलेस्तिनुच्या सासूने विचारलं, म्हणजे वर्षभर तिने दुसरीच्या दातांनी खाल्लं ते फुकटच का. पाद्री अचानक कॉफीत साखर ढवळू लागले. त्यांनी साखर घातलेली नव्हती.

"आणि तुम्ही गप्प बसलात," सेलेस्तिनु म्हणाला. "फळा इथेच होता. रोज."

"बसले," झुल्मीराबाई म्हणाल्या. "पाठ करून. ती दुसरी चूक."

ज्या बाईने तीस वर्षं गावाला एकही नोटीस येऊ दिली नाही, तीच समोर उभी राहून सांगत होती की तिनेही हेच केलं. मग आपण केलं यात आपला तेवढा अपमान नाही, हे प्रत्येकाला आपापल्या वेगाने समजत गेलं.

अबीलियुकाकाला सगळ्यात उशिरा समजलं, कारण तो दुसरं काहीतरी मोजत होता. कोर्सात खऱ्या अर्थाने टॅक्स भरणारे थोडेच, आणि तो त्यांतला पहिला. तीस वर्षं फ्रान्समध्ये रस्ते बांधून त्याला तिकडची पेन्शन होती.

"माझ्या नंबरावर घेतले असते, तर मला किती मिळाले असते?"

"चारशे ऐंशी."

"मग ते चारशे ऐंशी आत्ता आहेत कुठे? माझ्याकडे नाहीत. पोरीकडे नाहीत."

"सरकारकडे."

"म्हणजे मी सरकारला दिले?"

"दान केलेस."

कोर्सात माणसाला बरंच काही म्हणता येतं, पण हे नाही. अबीलियुकाका उठून उभा राहिला. "मी? या सरकारला?"

"तीस जूनपर्यंत दुरुस्तीचं रिटर्न पाठवता येतं. कानवाले नवीन बिल द्यायला तयार आहेत. उद्या सकाळी नऊला ये. फ्रान्सच्या पेन्शनचा कागद आण, आणि चष्मा आण, तुलाच वाचायचंय." झुल्मीराबाईंनी काउंटरवरचा आपला चष्मा उचलला. "मोठ्याने."

अबीलियुकाका तेल्माकडे वळला. ती दाराशी उभी होती, केव्हाही निघून जाता येईल अशी.

"पोरी, ते चारशे ऐंशी आले की तुला देतो. उसने. फुकट नाही, समजलं ना? पगारातून फेडायचे. आणि बस माझ्या दारासमोर थांबली पाहिजे."

"तिथे थांबा नाही, काका."

"मग हळू घे. मी उडी मारेन."

"त्या गुडघ्याने?" सेलेस्तिनु म्हणाला. "पट्टा तर तेल्माच्या नावावर आहे."

सोमवारी नऊला अबीलियुकाकाने आपलं रिटर्न वाचलं, इतक्या मोठ्याने की पाद्रींनी खिडकी लावून घेतली. साडेअकराला तेल्माने आपलं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या बारीक अक्षरांसकट. मग तिने बटण दाबलं. झुल्मीराबाईंनी पोचपावती दोनदा छापायला लावली: एक तेल्माच्या पिशवीत, एक आत्याकडे. तेल्माच्या पिशवीवर त्यांचा विश्वास नव्हता.

पैसे जुलैच्या शेवटी आले, नव्या खात्यात. अबीलियुकाकाचे ऑगस्टमध्ये. उरलेले आठ युरो ड्रायव्हिंग स्कूलने नंतर घेतले. पहिल्या परीक्षेत तेल्माने बस मागे घेताना एक कुंडी पाडली. दुसऱ्यांदा कुंडी वाचली. नाताळात एर्मिनियुने तिच्या हातात किल्ल्या दिल्या आणि सांगितलं, की तिसऱ्या वळणावर गियर अडकतो, त्याला शिव्या द्याव्या लागतात.

त्या हिवाळ्यात झुल्मीराबाईंनी आणखी एक काम काढलं, जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गावाला तेल्माचा नंबर पाठ होता आणि स्वतःचा येत नव्हता. विचारलं की तोंडातून जुनाच निघायचा. त्यांनी पिवळी कार्डं आणली आणि एकशे बारा माणसांचे एकशे बारा नंबर मोठ्या आकड्यांत स्वतःच्या हाताने लिहिले. माउसला हात न लावण्याचा नियम पेनाला लागू नव्हता. कार्डं टोप्यांत, कोटाच्या खिशांत, प्रार्थनेच्या पुस्तकांत गेली. पाद्रींनाही एक मिळालं.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी बस निघाली तेव्हा औषधाच्या दुकानाकडे जाणारे अकराजण आत होते. झुल्मीराबाई पुढच्या सीटवर. चर्च ओलांडलं आणि त्या मागे वळल्या.

"चला. एकेकाने. कार्ड न बघता."

सेलेस्तिनुच्या सासूने सुरुवात केली. "दोनशे एकसष्ट..."

सगळी बस हसली.

"तो माझा," तेल्मा स्टिअरिंगवरून म्हणाली.

"पुन्हा," झुल्मीराबाई म्हणाल्या. "स्वतःचा."

सासूबाईंनी डोळे मिटले, कवळी जागेवर बसवली आणि नऊ आकडे सांगितले. बरोबर. मग अबीलियुकाकाने सांगितले, आवाज वाढवून. मग बाकीच्यांनी. तिसरं वळण आलं, तेल्माने गियरला शिव्या दिल्या, गियर पडला आणि तिने आरशातून पुढच्या सीटकडे बघितलं.

"आणि तुमचा, झुल्मीराबाई?"

झुल्मीराबाईंनी सुरुवात केली. पाच आकडे नीट आले. सहाव्याला त्या थांबल्या, कारण ओठांवर दुसराच येऊन उभा होता. अबीलियुकाकाने कानामागचं बटण फिरवलं.

झुल्मीराबाईंनी पर्स उघडली, पिवळं कार्ड काढलं, चष्मा सारखा केला आणि वाचलं. मोठ्याने.